अडुसष्टाव्या वर्षी गाव सोडून बेळगावात फ्लॅट घ्यावा म्हणते, कुणी केलंय का असं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. इथं वाचते बरीच वर्षं, लिहितेय पहिल्यांदाच, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ६८. खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहते, मराठी शाळेत शिक्षिका होते, आता पेन्शनवर. आमचे हे जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी गोव्यात. घर जुनं आहे, खानापुरी कौलांचं, पुढं सोपा, मागं परडं, परड्यात दोन फणस, एक आमसुलाचं झाड आणि केळी. एकटीला एवढं घर झाडून होत नाही हे खरं, पण त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही.

झालं काय, गेल्या आषाढात परड्यात जळण झाकायला गेले आणि शेवाळावरून पाय घसरला. केळीच्या बुंध्याशी पडले ती उठताच येईना. आमच्याकडचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको, हाक मारली तर माझी मलाच ऐकू येईना. अर्धा तास तशीच होते. शेजारची पोर विरजण मागायला वाटी घेऊन आली, घरात कुणी दिसेना म्हणून मागं डोकावली, तेव्हा सापडले. हाड मोडलं नाही, गुडघा मात्र तेव्हापासून धरतोय. लाईट दोन दिवस गेलेली, मोबाईल बंद, मुलाला कळलं तिसऱ्या दिवशी आणि तो फोनवर रडला हो. चाळीस वर्षांचा माणूस.

आता तो म्हणतो पुण्याला ये. तिथं मला करमणार नाही हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. मग मधला मार्ग निघाला की बेळगावात छोटा फ्लॅट बघायचा, दवाखाने जवळ, गाव तासाभरावर, पुण्याची गाडी पण तिथूनच. टिळकवाडी, अनगोळ, भाग्यनगर असं बघणं चालू आहे. एक जागा आवडलीय पण त्या मजल्यावरची बाकीची तिन्ही घरं कन्नड बोलणारी. मला कन्नड वाचता येतं थोडंफार, बोलताना जीभ अडते.

माझा प्रश्न फ्लॅटचा नाहीच खरं तर. इथं मी पडले तर वाटी घेऊन येणारं कुणीतरी आहे. तिथं कोण येईल? या वयात नवीन माणसं जोडली जातात का, का आपलं दार लावून टीव्ही बघत बसायचं? आणि गावचं घर विकावं का? मुलगा म्हणतो विकून टाक म्हणजे फ्लॅट कर्जाशिवाय होईल. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

वडगावकर

ताई नमस्कार. मी ७१, सौभाग्यवती ६६. चार वर्षांपूर्वी बेळगावातल्याच वडगावातलं वडिलोपार्जित घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला अपार्टमेंटमध्ये आलो. तुम्ही म्हणाल गावातल्या गावात काय ते, पण वडगावची गल्ली म्हणजे दिवसभर मागाचा आवाज, दारात कुणी ना कुणी बसलेलं, आणि इथं जिन्यात माणूस दिसला तर तो मोबाईलमध्ये. पहिले पंधरा दिवस शांततेनंच झोप लागायची नाही.

आधी व्यवहाराचं सांगतो. विकत घेऊ नका, आधी ११ महिन्यांचा करार करून त्याच भागात भाड्यानं रहा, जमलं तर त्याच बिल्डिंगमध्ये, आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. उन्हाळ्यात बघितलेला फ्लॅट आणि जुलैतला फ्लॅट वेगळा असतो, भिंतीला ओल कुठं येते ते तेव्हाच कळतं. आम्ही घाई केली आणि बेडरूमची एक भिंत दर वर्षी रंगवतोय. पाणी किती दिवसांनी येतं हे एजंटला विचारू नका, तिथं भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारा. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी सगळ्या शहराला येतं पण प्रत्येक भागाची पाळी वेगळी, काही वॉर्डात चोवीस तास, काही ठिकाणी आठवडाभर वाट बघायची. लिफ्टला जनरेटर आहे का बघा. गुडघा धरतोय म्हणता तर तळमजला किंवा पहिला, त्यावर नकोच.

आता माणसांचं. आमच्या हिनं येताना पाटा-वरवंटा आणला. मी म्हटलं तिसऱ्या मजल्यावर हे धोंडे कशाला, मिक्सर आहे की. ती ऐकते होय. आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, डोक्यावर रोज सकाळी घरघर कसली म्हणून विचारायला, जरा रागातच होत्या. दार उघडलं तर ही शेंगाची चटणी वाटत बसलेली. त्या बाई रामदुर्गाकडच्या, त्यांच्या आईचा असाच पाटा होता म्हणे. तिथंच जमिनीवर बसल्या आणि वरवंटा हातात घेतला. आता दर शुक्रवारी त्या शेंगदाणे भाजून घेऊन येतात, चटणी आमच्याकडे होते आणि दोन्ही घरात जाते. बोलणं निम्मं मराठीत निम्मं कन्नडमध्ये, दोघींना एकमेकींचं किती कळतं देव जाणे पण तासभर चालतं.

माझी माणसं मला टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात मिळाली. सकाळी साडेसहाला त्या झाडीत फिरायला या, एकटं फिरायचं म्हटलं तरी महिनाभरात कुणीतरी विचारतंच काल का नाही आलात. आणि वाचनाची आवड असेल, शिक्षिका म्हणजे असणारच, तर गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय धरा, १८४८ पासूनचं आहे. पुस्तक बदलायला नेमक्या वारी नेमक्या वेळी जायचं, तीच ती माणसं भेटतात. मी गुरुवार धरलाय.

हिंडलग्याची सून

काकू, मी सुनेच्या बाजूनं लिहिते. माझ्या सासूबाई चंदगड तालुक्यातल्या, सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. नकाशात बघितलं तर हाकेच्या अंतरावर पण राज्य बदललं ना, त्यामुळे कागदांनी जीव खाल्ला. तुमचं कर्नाटकातल्या कर्नाटकात आहे, सोपं जाईल, तरी सांगते.

आधार, बँक, गॅस, मतदार यादी सगळीकडे पत्ता बदलावा लागतो. मतदार यादीला फॉर्म ८. पेन्शनचं खातं लगेच हलवू नका, हयातीचा दाखला त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत पण देता येतो आणि हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं, नोव्हेंबरात लायनीत उभं राहायला नको. मुलाकडून एकदा शिकून घ्या.

आधारवर इथला पत्ता आला त्या दिवशी सासूबाई किती खूश झाल्या सांगू. शक्ती योजना आहे ना, जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट, पण इथला पत्ता लागतो. तोवर त्या कुठं जायचं म्हटलं की माझ्या नवऱ्याकडे बघायच्या, पैसे मागायला लाजायच्या. झिरो तिकीट मिळायला लागल्यावर एकट्या हिंडायला लागल्या. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आल्या बाकीच्या बायकांबरोबर, त्या बायका कोण तर बसस्टॉपवर ओळख झालेल्या! तुमच्याकडे आधार खानापूरचं आहेच, तुम्ही आज पण बसू शकता. गावाकडे महिन्यातनं चार वेळा जा, कोण अडवतंय.

एक मात्र तळमळून सांगते. घर मुलाच्या नावावर करून द्यायची वेळ आली तर बक्षीसपत्रात तुमचा सांभाळ करण्याची अट शब्दात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, अट घालून दिलेली मालमत्ता सांभाळ झाला नाही तर परत मागता येते, पण अट कागदावर नसली तर भांडत बसावं लागतं. तुमचा मुलगा चांगलाच आहे, आईसाठी रडला म्हणता, तरी पण लिहून घ्या. आमच्या नात्यात एक म्हातारी सही करून बसली आणि आज स्वतःच्याच घरात जिन्याखाली झोपते. तिचं बघितल्यापासून मी प्रत्येकाला हे सांगते. आणि कागद कन्नडमध्ये असेल तर प्रत्येक ओळ वाचून घेतल्याशिवाय सही नको.

निपाणी परत

मी वेगळं सांगणार आहे, मन दुखवायचा हेतू नाही.

मी ६४ व्या वर्षी निपाणी सोडून पुण्याला मुलाकडे गेले. अकरावा मजला. सून गुणाची, नातवंडं गोड, कशाची कमतरता नव्हती. चौदा महिन्यांनी परत आले. तिथं मला नाव नव्हतं हो. अमुकची आई, तमुकची आजी. निपाणीत भाजी घ्यायला गेलं तर बाई म्हणते वैनी आज मेथी नको, काल पाऊस झालाय, चिखल आहे. एवढंच. पण चौदा महिन्यांत तिथं मला असं कुणी बोललं नाही.

परत येता आलं कारण घर विकलं नव्हतं. म्हणून घराबद्दल माझं एकच, दोन वर्षं हात लावू नका. कुलूप लावा, कुणाला तरी राहायला द्या, कौलं फिरवून घ्या, पण विकू नका. मुलाला म्हणावं छोटा फ्लॅट भाड्याचा चालेल. पुण्याला नाही म्हणालात ते अगदी बरोबर केलंत.

चिकोडी अण्णा

टीचर नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, मूळ चिकोडीचा, बँकेत नोकरी केली, आता बेळगावात. मराठी कुठं शिकलो तर शेजाऱ्यांकडे, म्हणून चुकलं तर वहीत लाल शाई मारा.

तुमच्या त्या तीन कन्नड घरांबद्दल लिहितो कारण तशा एका घरात मी राहतो. तुम्हाला जशी धाकधूक आहे तशीच त्यांना पण असते. समोर मराठी शिक्षिका आल्या, आपलं मराठी ऐकून काय म्हणतील, असं आमच्या घरात खरंच बोलणं झालेलं आहे. पेपरात सीमाप्रश्न असतो, एक नोव्हेंबर येतो, आमचा राज्योत्सव आणि इकडच्या बऱ्याच मराठी माणसांचा काळा दिवस, त्या दिवशी इकडचे तिकडचे सगळेच जरा गप्प असतात. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला की पुन्हा सुरू. वाद खोटा आहे असं मी म्हणणार नाही, दोन्हीकडची माणसं त्यात पोळली आहेत. पण जिन्यात तो कुणी काढत नाही.

तुम्ही विरजणाच्या वाटीचं लिहिलंत ते वाचून मी बायकोला वाचून दाखवलं. आमच्याकडे विरजणाला हेप्पु म्हणतात. नवीन घरी गेलात की दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शेजारचं दार वाजवा आणि म्हणा, स्वल्प हेप्पु कोडरी, म्हणजे थोडं विरजण द्या. एवढंच कन्नड पुरे. लोक नवीन घरात पेढे वाटतात, ते ठीक आहे, पेढा खाऊन लोक थँक्यू म्हणतात आणि दार लावतात. मागायला आलेल्या बाईला मात्र आमच्या बायका आत घेतात. बर्री, कुंद्र्री म्हणतील, म्हणजे या, बसा. मग ऊटा आत्रि विचारतील, जेवलात का. वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही हे तुमच्यात पण आहे आणि आमच्यात पण. झालं की येणं-जाणं सुरू.

तूप आमचं तुप्प, अक्का तीच, अण्णा तोच. जीभ अडली तर मराठीत बोला, बेळगावात कळत नाही असं कमीच कुणी. आणि उद्या कुणाच्या मुलाला मराठी नाहीतर गणित शिकवायला बसलात तर त्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला पडू कोण देणार?

वडगावकर

अण्णांनी लाखातलं सांगितलं. आमची ही म्हणते मी पाटा नेला नसता तर त्या बाई वर आल्याच नसत्या.

ताई एक राहिलं, थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी खेड्यापाड्यांत साहित्य संमेलनं असतात, शहरातनं बसनं जाता येतं. आम्ही दोघं डबा घेऊन जातो. याल आमच्याबरोबर.

मलप्रभाकाठ

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल रात्री दोनदा वाचलं, आज सकाळी मुलाला फोनवर वाचून दाखवलं. कलम २३ ऐकून तो म्हणाला आई लिहूनच घेऊ, सुनेला पण ऐकव. घर विकायचं त्यानं मागं घेतलं. गावात लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी येते, त्या वेळी आपलं दार बंद कसं चालेल, हे त्यालाही पटलं. शेजारच्या वैनींचा धाकटा लग्नाचा आहे, त्याला सोपा आणि पुढची खोली राहायला देईन म्हणते, मागचं माझं राहील.

निपाणीच्या ताई, मेथीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. तुम्ही परत आलात त्याचं मला कौतुकच वाटलं.

अण्णा, लाल शाई कुठंच लागली नाही. वाक्य पाठ करतेय. शेजारच्या पोरीला म्हणून दाखवलं तर ती म्हणते आजी कोडरी नीट म्हण, कोंबडी म्हटल्यासारखं येतंय. तिच्या शाळेत कन्नड आहे, ती रोज संध्याकाळी शिकवायला येणार आहे.

त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक भाड्याचा मिळतोय असं कळलं. येत्या बुधवारी दहाच्या बसनं जाऊन बघते. पाण्याचं भांडीवाल्या बाईंनाच विचारते आणि गुरुवारपर्यंत राहिले तर वडगावकर, वाचनालयात किती वाजता असता तेवढं कळवा.