मदत हवी आहे: स्वसंमोहनाची सुटी रेकॉर्डिंग जोडून एक सलग सत्र कसं बनवायचं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो. पाळ्या बदलत्या असतात. नाईट करून सकाळी घरी आलं की अंग मोडून आलेलं असतं, पण डोकं थांबत नाही. त्यासाठी स्वसंमोहन करतो आणि मला त्याचा खरोखर फायदा होतो. आपल्याकडे स्वसंमोहन म्हटलं की अनेकांना प्रा. श्याम मानव यांची शिबिरं आठवतात. मी शिबिराला गेलेलो नाही, वाचून आणि सराव करून शिकलोय.

तयार ऑडिओ ऐकून बघितले. इंग्रजीतल्या सूचना माझ्या आत उतरत नाहीत, आणि मराठीतले बरेचसे फार नाटकी आवाजात आहेत. म्हणून माझ्याच आवाजात, आपण घरात बोलतो तसल्या भाषेत, मोबाईलवर तुकडे रेकॉर्ड केलेत: पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत अंग सैल सोडणं, दहापासून एकपर्यंत उलटी मोजणी, झोपेच्या सूचना, कामावर जाण्याआधीच्या सूचना (भट्टीजवळ काम असतं, डोकं जाग्यावर लागतं), आणि शेवटी एक ते पाच मोजत जागं होणं.

यातून मला दोन सत्रं करायची आहेत. एक दिवसा झोपण्यासाठी, ज्यात जागं होण्याचा भाग नको. दुसरं पाळीला जाण्याआधीचं, लहान, पूर्ण जागं करणारं.

अडचण जोडाची आहे. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर तुकडे एकामागून एक लावले, पण काही उन्हाळ्यात पंखा चालू असताना केलेत आणि काही थंडीत पंखा बंद ठेवून. जिथं पंख्याची घरघर अचानक थांबते तिथं माझे डोळे उघडतात. शब्द नीट जुळलेले असतात, तरी त्या शांततेनंच जाग येते. आवाजही कुठं मोठा, कुठं बारीक. शिवाय खाली तानपुरा लावायचा आहे, तो कसा लावायचा?

भाच्याचा विंडोज लॅपटॉप मिळतो, त्यात ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) टाकलंय. पण मोबाईलच्या एम४ए फाइल त्यात उघडत नाहीत. कुणी असलं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुन्हा सगळं रेकॉर्ड करायला सांगितलंत तरी चालेल, पण आधी आहे त्यातून काय होतंय ते बघावं म्हणतो.

मिरजकर

दादा, आधी फाइलचं बघू. विंडोजवर ऑडॅसिटीत एम४ए उघडायला एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. ती बसवून ऑडॅसिटी बंद करून पुन्हा उघडा. त्यानंतर प्रत्येक तुकडा वेगळ्या ट्रॅकवर आणा आणि काम संपेपर्यंत एमपी३ करू नका. एमपी३ दर वेळी नव्याने दाबली जाते, तेवढा आवाज खराब होतो. प्रोजेक्ट म्हणून सेव्ह करत राहा, मधल्या प्रती वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) ठेवा.

आता पंखा. डोळे का उघडतात ते तुम्ही बरोबर ओळखलंय. कान शब्दांपेक्षा खोलीचा आवाज आधी पकडतो. संपादन करताना लोक दोन वाक्यांमध्ये कोरी शांतता घालतात, तीही तशीच टोचते, कारण खऱ्या खोलीत इतकी शांतता कधी नसते. तेव्हा असं करा. पंख्याच्या तुकड्यांत जिथं तुम्ही बोलत नाही अशी दोन-तीन सेकंदांची जागा निवडा, नॉइज रिडक्शन या इफेक्टमध्ये त्याचा प्रोफाइल (नको असलेल्या आवाजाचा नमुना) घ्या, मग पूर्ण तुकडा निवडून तो इफेक्ट लावा. १२ डेसिबलच्या वर जाऊ नका, नाहीतर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. घरघर पूर्ण जाणार नाही, जायची गरजही नाही. त्यानंतर खोलीत काहीही न बोलता मिनिट-दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि तो आवाज वेगळ्या ट्रॅकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत अंथरा. सगळे जोड त्याच्यावर येऊ द्या. जोड नेहमी श्वासाच्या आधी घ्या, वाक्य संपल्या संपल्या नको. श्वासही पुसू नका, ऐकणारा नकळत त्याच्याच लयीत येतो.

आवाजाच्या पातळीसाठी नुसतं नॉर्मलाइज पुरत नाही. ते सगळ्यात उंच टोक बघतं, आणि माइकवर आदळलेला एखादा 'प' किंवा 'फ' त्याला फसवतो. लाउडनेस नॉर्मलायझेशन घ्या, प्रत्येक तुकड्याला एकच आकडा द्या. उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ही युरोपातल्या प्रसारणाची २०१० पासूनची पातळी आहे. झोपेच्या सत्राला तेवढी हळू पातळी छान बसते.

तानपुऱ्याबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं, मिरजेचा आहे म्हणून. छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणार असाल तर चारही तारांचं एक आवर्तन पूर्ण होईल तिथंच कापा, मध्येच कापलात तर प्रत्येक फेरीला ठेच लागते. कापताना कीबोर्डवर झेड दाबा म्हणजे निवड शून्य-रेषेवर जाते आणि 'टक्' असा आवाज येत नाही. पातळी बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली. आणि एक कळकळीची विनंती, ऑटो डक (बोलणं चालू असताना संगीत आपोआप खाली करणारा इफेक्ट) वापरू नका. तुम्ही थांबलात की ते संगीत वर आणतं. तुमच्या सत्रात लांब विराम असणार, तिथंच तानपुरा अंगावर येईल. एन्व्हलप टूलने सुरुवातीला हळूहळू वर न्या, शेवटी खाली आणा, मध्ये हात लावू नका.

रंकाळाकाठ

मी समुपदेशक आहे. तांत्रिक बाजू वर आलीच आहे, मी क्रमाबद्दल लिहिते. सत्र म्हणजे शिथिल होणं, खोल जाणं, सूचना आणि जागं होणं. तुकडे जोडताना लोकांच्या हातून बहुतेक वेळा एक राहून जातं: प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सवयीनं म्हटलेलं "आता मला ताजंतवानं वाटतंय". ते मध्ये राहिलं तर मन तिथंच वर येतं. प्रत्येक तुकड्याचं शेवटचं अर्धं मिनिट तेवढ्यासाठी ऐका.

"मी" आणि "तू" यांची सरमिसळ आहे का तेही तपासा. "माझे हात जड झालेत" नंतर लगेच "तुझे डोळे मिटलेत" आलं तर कुणीतरी तिसरं बोलतंय असं वाटतं. एकच ठरवा.

शिथिल होण्यासाठी योहानेस शुल्ट्झ या जर्मन डॉक्टरांनी १९३२ साली मांडलेला क्रम मला फार उपयोगी वाटतो: आधी हातापायांचं जडपण, मग ऊब, हृदयाचे ठोके, श्वास, पोटातली ऊब, शेवटी कपाळावर गारवा. त्यांच्याही पद्धतीत शेवटी हात ताणून, खोल श्वास घेऊन, डोळे उघडून बाहेर यायचं असतं, आणि झोपायचंच असेल तर हा भाग गाळतात. तुमची दोन सत्रं अगदी याच तत्त्वावर होतील.

पाळीआधीच्या सत्रात जागं होण्याची मोजणी घाईत उरकू नका. प्रत्येक आकड्यासोबत आवाज थोडा चढू द्या, पाचला नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात या. त्यानंतर तोंड धुवून, पाणी पिऊन, पाच-दहा मिनिटं चालून मगच गाडीला किक मारा. दोन्हींतलं कुठलंही सत्र गाडी चालवताना कानात नको. दिवसा झोप नसण्याचा त्रास बरेच आठवडे चालला असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. घरात कुणाला फिट्सचा किंवा मानसिक आजाराचा त्रास असेल तर त्यांना ही फाइल परस्पर देऊ नका.

मूळ लेखक

मिरजकर, ताई, दोघांचे मनापासून आभार. एफएफएमपेग बसवलं, फाइल उघडल्या. खोलीचा आवाज खाली अंथरल्यावर फरक लगेच कळला. "मी" आणि "तू"ची सरमिसळ आहेच, झोपेच्या सूचना नव्याने बोलतो. एवढंच सांगा: नवीन रेकॉर्डिंग जुन्याला जुळावं म्हणून काय पाळायचं? आणि शेवटची फाइल कशात काढू? पाळीतल्या दोघातिघांनाही हवी आहे.

मिरजकर

तोच मोबाईल, तीच खोली, तोंडापासून तेवढंच अंतर, आणि शक्यतो तीच वेळ. सकाळी उठल्या उठल्याचा आवाज जड असतो, तो संध्याकाळच्या आवाजाला जुळत नाही. सुरू करण्याआधी जुन्या तुकड्याची शेवटची दोन वाक्यं ऐका आणि त्याच गतीनं पुढं बोला. पंखा बंद, फ्रीजच्या खोलीत नको.

फाइल एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस. बोलण्याला तेवढं पुरतं आणि २५ मिनिटांचे साधारण १२ एमबी होतात. तानपुरा स्टीरिओ ठेवायचा असेल तर १२८ घ्या. मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण झोपेची फाइल आणि पाळीची फाइल यांची नावं अशी द्या की अर्धवट झोपेतही चुकीची दाबली जाणार नाही. पाळीला निघताना झोपेची लागली तर काय होईल, ते भट्टीजवळ काम करणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको.