स्टॅटिक मेथड क्लासमध्ये ठेवायचीच कशाला?

अर्धविराम:
पायथन या प्रोग्रामिंग भाषेपुरतं बोलतोय. साध्या मेथडला (क्लासमधल्या फंक्शनला) पहिला पॅरामीटर म्हणून ऑब्जेक्ट मिळतो (सेल्फ), क्लासमेथडला क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, मिळतो (सीएलएस), स्टॅटिकमेथडला आपसूक काहीच मिळत नाही. जिला ऑब्जेक्टही नको आणि क्लासही नको, ती क्लासच्या पोटात काय करतेय? मॉड्यूलमध्ये (पायथनच्या फाइलमध्ये, क्लासच्या बाहेर) साधं फंक्शन लिहा, संपलं. जावात फंक्शन क्लासमध्येच कोंबावं लागतं, म्हणून तिथे स्टॅटिकचा सुळसुळाट. पायथनला ती सक्ती कधीच नव्हती.

उलटास्लॅश:
बाहेर काढलंत की सबक्लासला (त्या क्लासवरून बनवलेल्या क्लासला) ते बदलता येत नाही, हे विसरताय. फाइल वाचणारा एक क्लास घ्या. त्याची 'वाचा' मेथड प्रत्येक ओळीसाठी सेल्फवरून 'ओळ_साफ' बोलावते, आणि 'ओळ_साफ' स्टॅटिक आहे. वेगळ्या फॉरमॅटसाठी सबक्लासमध्ये तेवढी एकच मेथड नव्याने लिहिली की काम झालं. तीच मॉड्यूलमध्ये असती, तर 'वाचा' जुन्याच फंक्शनला चिकटून राहिली असती.

अर्धविराम:
ओव्हरराइड होणार असेल (सबक्लास तीच नव्याने लिहिणार असेल) तर साधी मेथडच करा ना! उद्या सबक्लासला ओळ तोडायचं चिन्ह ऑब्जेक्टमधून घ्यावं लागलं, की सेल्फ आणावाच लागेल. मग क्लासच्या नावाने थेट केलेला प्रत्येक कॉल सेल्फविना टाइपएरर देणार.

शून्यापासून:
तुमचं चालू द्या, पण खरे बग निघतात ते स्टॅटिक आणि क्लासमेथड यांची गल्लत झाल्यावर. 'तारीख' क्लासमध्ये 'मजकुरातून' हा पर्यायी कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवण्याची दुसरी वाट) स्टॅटिक केला आणि आत 'तारीख' हेच नाव लिहून ऑब्जेक्ट बनवला, तर सबक्लासवरून बोलावल्यावरही हाती पालक क्लासचाच ऑब्जेक्ट येतो. तेव्हा एररही येत नाही. बऱ्याच पुढे सबक्लासची एखादी मेथड बोलावली की अ‍ॅट्रिब्यूटएरर, आणि ट्रेसबॅक (एररचा माग) दाखवतो भलतीच ओळ. क्लासमेथड करून आत सीएलएस वापरा. डिक्टची फ्रॉमकीज किंवा डेटटाइमची फ्रॉमटाइमस्टॅम्प क्लासमेथड आहेत त्या उगाच नाहीत.

उलटास्लॅश:
मान्य, पण सीएलएस म्हणजे रामबाण नव्हे. सबक्लासच्या इनिटमध्ये (ऑब्जेक्ट घडवताना चालणाऱ्या मेथडमध्ये) एक जास्तीचा सक्तीचा पॅरामीटर आला की हाच पर्यायी कन्स्ट्रक्टर कोसळतो. शिवाय मोजणीचा घोळ आहेच. पालक क्लासवर ठेवलेली मोजणी 3 आहे आणि क्लासमेथडमध्ये सीएलएसच्या मोजणीत 1 मिळवताय. सबक्लासवरून पहिल्यांदा चालवली, की वाचताना पालकाचा 3 मिळतो, पण लिहिताना सबक्लासवर नवी मोजणी तयार होते: 4. पालक 3 वरच. इथून पुढे दोन्ही आकडे स्वतंत्र वाढतात. सगळ्यांची मिळून एकच मोजणी हवी असेल, तर तिथे पालकाचं नावच लिहायला हवं. लिस्ट असेल तर नेमकं उलटं: अपेंड केलेलं सगळ्या सबक्लासमध्ये दिसतं, कारण लिस्ट एकच असते.

दोनस्पेस:
जावावाल्यांनी वरचं ओव्हरराइडचं उदाहरण तिकडे नेऊ नये. जावात स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही, नुसती झाकली जाते. व्हेरिएबलचा प्रकार पालक आणि आतला ऑब्जेक्ट सबक्लासचा असेल, तरी पालकाचीच मेथड चालते, कारण निवड कंपाइल होतानाच ठरलेली असते. वर ओव्हरराइड अ‍ॅनोटेशन (पालकाची मेथड बदलतोय, अशी खूण) लावलंत तर कंपायलर तिथेच अडवतो. नाव एकच, पण प्राणी दोन.

अर्धविराम:
पर्यायी कन्स्ट्रक्टर क्लासमेथडच हवा, त्यावर वाद नाही. माझा राग आहे तो 'सेल्फ वापरला नाही, म्हणून लाव स्टॅटिक' या सवयीवर. पायलिंट या कोड तपासणाऱ्या साधनानेसुद्धा ती तपासणी 2.14 पासून ऐच्छिक एक्स्टेंशनमध्ये हलवली.

उलटास्लॅश:
सवयीबद्दल हरकत नाही. 'ओळ_साफ' मात्र मी क्लासमध्येच ठेवणार.