राणीखेतची लस वेळेवर देऊनही मानमोडी (म्हणजे राणीखेत रोग) येते. बर्सा हा अवयव आकसण्याचा याच्याशी संबंध आहे का?

गोराईचा कुक्कुटपालक (प्रश्नकर्ता):

सर्वांना नमस्कार. मुंबईत गोराई परिसरात आमची लहानशी पोल्ट्री आहे आणि आम्ही गादी पद्धतीवर (जमिनीवर तूस पसरून) ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या, बॅच घेतो. पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेतची लस, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस आणि त्यानंतर पुन्हा लासोटा असे लसीकरण ठरलेले असूनही, पावसाळ्यापासून चौथ्या-पाचव्या आठवड्यात काही पक्षी माना वाकड्या करतात, हिरवी विष्ठा टाकतात आणि मरतूक वाढते. तपासणीत राणीखेतच निघाला. पक्षी उघडून पाहणाऱ्या डॉक्टरांनी ‘बर्सा फारच आकसला आहे’ एवढे सांगितले, तर औषध विक्रेत्याचा आग्रह आहे की गंबोरोची अधिक तीव्र, म्हणजे इंटरमीडिएट प्लस लस वापरावी. हा अवयव नेमके काय करतो, तो निरोगी आहे हे कसे ओळखावे आणि विक्रेत्याचा सल्ला मानावा का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पशुवैद्यक, परळ:

आपल्या डॉक्टरांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण राणीखेतची लस कितीही चांगली असली तरी तिला प्रतिसाद देणाऱ्या पेशी ज्या अवयवात घडतात तो आधीच निकामी झाला असेल, तर प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) पुरेशी तयार होत नाहीत. बर्सा ही कोंबडीच्या गुदमार्गाच्या वरच्या बाजूस असलेली, बोराएवढी, आतून घड्या असलेली पिशवी. इटलीतील पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने तिचे केलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले. पण तिचे कार्य कळायला १९५६ साल उजाडले. अमेरिकेत संशोधक ब्रूस ग्लिक यांनी पिल्लू असतानाच बर्सा काढून टाकलेले पक्षी एका सहकाऱ्याने वर्गातील प्रात्यक्षिकासाठी वापरले आणि त्यांच्यात प्रतिपिंडेच तयार झाली नाहीत. इतका मोठा शोध असा जवळजवळ अपघाताने लागला, हे मला आजही नवलाचे वाटते.

अंड्यातील भ्रूणावस्थेतच मूळ पेशी बर्सात येतात, तिथे प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींमध्ये त्यांचे रूपांतर होते आणि पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास त्या तिथून प्लीहेत व इतर ठिकाणी पसरू लागतात. पुढे काही आठवडे बर्सा वाढत राहतो आणि पक्षी वयात येताना आपोआप आक्रसतो. म्हणून मोठ्या कोंबडीतील लहान बर्सा हा आजार नव्हे. चार आठवड्यांच्या ब्रॉयलरमधील लहान बर्सा मात्र निश्चितच चिंतेचा विषय आहे. थायमस या दुसऱ्या अवयवाच्या पाळी मानेच्या दोन्ही बाजूंनी शिरेलगत माळेसारख्या असतात आणि त्यांत दुसऱ्या प्रकारच्या, विषाणूग्रस्त पेशींचा नायनाट करणाऱ्या व इतर पेशींना दिशा देणाऱ्या पेशी तयार होतात. कोंबडीला सस्तन प्राण्यांसारख्या लसिका गाठी नसतात. त्यामुळे प्लीहा, आतड्यातील लसिका-उती आणि डोळ्यामागील हार्डर ग्रंथी यांच्यावरच बराच भार पडतो. डोळ्यात थेंब टाकून दिलेल्या लासोटाचा परिणाम चांगला दिसतो, त्यात या ग्रंथीचा वाटा आहे.

गंबोरोचा विषाणू बर्सातील या वाढत्या पेशींवरच हल्ला करतो. संसर्गानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास बर्सा सुजतो, त्यावर पिवळसर चिकट थर येतो, कधी रक्तस्राव दिसतो. आठव्या दिवसापर्यंत तो मूळ आकाराच्या एक-तृतीयांशाएवढा राहतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पक्ष्यांत मरतूक होते म्हणून हा रोग लक्षात येतो, पण तीन आठवड्यांच्या आत संसर्ग झाला तर लक्षणे न दिसताच प्रतिकारशक्ती खालावते आणि नंतर राणीखेत किंवा ई. कोलाय जिवाणूंचा संसर्ग उसळतो. आपल्याकडे असेच घडले असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून इंटरमीडिएट प्लस लस डोळे झाकून वापरू नये. मादीकडून आलेली प्रतिपिंडे ब्रॉयलरमध्ये साधारण तीन ते साडेतीन दिवसांत निम्मी होतात. ती जास्त असताना दिलेली सौम्य लस निष्प्रभ होते आणि फार उशीर केला तर शेडमधील विषाणू आधी पोहोचतो. तीव्र लस ही प्रतिपिंडे भेदू शकते हे खरे, परंतु ती स्वतःच बर्साला काही प्रमाणात इजा करते. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात काही पिल्लांच्या रक्ताची एलायझा तपासणी (प्रतिपिंडे मोजणारी चाचणी) करून लसीचा दिवस ठरवावा. मरतुकीचे पक्षी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतील. उघडताना बर्सा आणि प्लीहा शेजारी ठेवून पाहा. या वयात बर्सा प्लीहेपेक्षा लहान दिसला तर शंका घ्यावी.

खाद्य व्यवसायातील सदस्य:

वरील उत्तराशी सहमत आहे, पण पावसाळ्याचा उल्लेख राहून गेला. मुंबईच्या दमट हवेत साठवलेल्या मक्यावर बुरशी वाढते आणि तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषामुळे बर्सा व थायमस दोन्ही आकसतात, तेही विषाणूचा संसर्ग नसताना. विष बांधून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर काही प्रमाणात उपयोगी पडतो. मात्र ओला मका घेऊन बाइंडरवर विसंबणे मला पटत नाही. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. बाजारातील ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ टॉनिके मी सुचवणार नाही. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम आहारात पुरेसे नसेल तर भरपाई जरूर करावी, पण सेलेनियमची मात्रा वाढवत नेणे घातक आहे.

पिल्ले आल्याबरोबर पाणी आणि खाद्य मिळते का, हेही तपासावे. उबवणी केंद्रातून प्रवासात वेळ जातो. आतड्यात अन्न आणि त्यासोबत सूक्ष्मजीव पोहोचल्यावरच बर्साच्या वाढीला चालना मिळते, त्यामुळे पहिल्या दिवशीचा उपवास नंतर भरून निघत नाही.

गोराईचा कुक्कुटपालक:

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. आम्ही दोन्ही लसी पिण्याच्या पाण्यातून देतो आणि पाणी महापालिकेच्या नळाचे आहे. त्याचा काही परिणाम होत असेल का?

पशुवैद्यक, परळ:

होय, नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवंत लस निष्क्रिय करते. लस मिसळण्याच्या सुमारे अर्धा तास आधी पाण्यात लिटरमागे २ ते २.५ ग्रॅम साय काढलेली दूधभुकटी घालावी, त्या आधीच्या काळात पाण्यात जंतुनाशक देणे थांबवावे आणि दोन तासांत सर्व पक्षी पितील एवढेच पाणी ठेवावे. पहिली लासोटा शक्यतो डोळ्यातूनच द्यावी. गंबोरोचा विषाणू रिकाम्या शेडमध्ये चार महिन्यांपर्यंत टिकतो आणि गादीतील काळे किडे तो पुढच्या बॅचपर्यंत पोहोचवतात, म्हणून जुने तूस पूर्ण काढून, धुऊन, फॉर्मलिनने निर्जंतुक केल्याखेरीज नवी पिल्ले आणू नयेत. फॉर्मलिन वापरताना मात्र शेड बंद ठेवून स्वतः बाहेर थांबावे.