रुईच्या पानाखाली दोन शेपट्यांचा किडा, हा कोण?

बडोद्याची_माळवाली:
आमच्याकडे शनिवारी मारुतीला अकरा पानांची रुईची माळ असते. सासूबाई गेल्यापासून पानं आणायचं काम माझ्याकडे. कारेलीबागेत सोसायटीच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तिथे छातीएवढी रुई माजलीय (इथले लोक आकडो म्हणतात).

काल पानं निवडताना एकाच्या खाली पांढरा पिठूळ ठिपका दिसला. पिठ्या ढेकूण समजून खरवडणार, तेवढ्यात देठावरून काहीतरी टुणकन उडालं ते थेट चष्म्यावर. सेंटिमीटरभर असेल. पंख मातकट-हिरवट, डागाडागांचे. उडताना पोट लालसर दिसलं. शेजारी त्याचं पिल्लू, बिनपंखी, आणि एका टोकाला दोन लांब केस. मला वाटलं त्या मिशा. त्या बाजूने काडी लावली तर पठ्ठ्या उलटा चालत सुटला!

नाव काय याचं? चावतो का? आणि हात चिकट करणाऱ्या त्या चिकाच्या झाडातून हा पितो तरी काय? फोटो धूसर आलाय, फोन जुना आहे.

ऊसवाला_कोपरगाव:
काकू, ही पाकोळी. उसात आमचा जीव खाते. पिल्लांना मागे अशाच दोन शेपट्या. चिकट रस गाळते, त्यावर काळी बुरशी धरते, पान काजळ फासल्यासारखं होतं. फवारा मारून टाका.

तुडतुडा_इंदूर:
फवारा थांबवा. दादांची चूक साहजिक आहे, शेपट्या दोघांनाही असतात आणि दोन्ही तुडतुड्यांच्याच गोतातले. पण पाकोळी (पायरिला परपुसिला) वाळल्या पाचटाच्या रंगाची, डोकं चोचीसारखं पुढे आलेलं, आणि ती राहते ऊस, मका, ज्वारी अशा गवतवर्गीय पिकांवर. रुईवर ती संसार थाटणार नाही.

रुई, डागाळ पंख, लाल पोट, पानाखाली मेणाच्या पिठात झाकलेली अंडी, एवढ्यावरून हा युरिब्रॅकिस टोमेंटोसा. चंदनावरही सापडतो. खात्री करायची तर समोरून तोंड बघा: लांबीपेक्षा रुंद, चपटं. मिशा डोळ्यांच्या मध्ये नसतात, डोळ्यांच्या खाली असतात, बुडाशी गाठ असलेल्या.

तुम्ही काडी लावलीत ते त्याचं बूड होतं. तो उलटा नाही, सरळच पळाला. शत्रूही तुमच्यासारखाच फसतो, शेपटीला डोकं समजून झडप घालतो.

चावत नाही. चिकाच्या नळ्या वेगळ्या आणि अन्नरसाच्या वेगळ्या; याची सुईसारखी सोंड अन्नरस ओढते. फुलं कशी आहेत? रुईच्या दोन जाती असतात.

आणि दादा, पाकोळीच्या पानांवर पांढरे लांबट कोश दिसले तर तुम्हीही पंप खाली ठेवा. ते एपिरिकॅनिया नावाच्या पतंगाचे असतात. त्याची अळी पाकोळीच्याच अंगाला चिकटून तिला खाते.

ऊसवाला_कोपरगाव:
ते कोश मी आजवर रोग समजून पान तोडून जाळत होतो. घ्या आता.

बडोद्याची_माळवाली:
आज सकाळी नातवाचं भिंग घेऊन गेले. वॉचमन विचारतो, "माजी, शुं खोवायुं?" काय सांगू त्याला! तोंड खरंच रुंद आहे, बेडकासारखं. मिशा शोधायला दहा मिनिटं गेली, डोळ्यांखाली बारीक बोंडं दिसली. फुलांच्या पाकळ्या वर उभ्या, पांढऱ्या, टोकाला जांभळ्या.

तुडतुडा_इंदूर:
मग ती कॅलोट्रोपिस प्रोसेरा. दुसऱ्या जातीच्या, जायगँटियाच्या, पाकळ्या पसरट उघडतात. माळेला दोन्ही चालतात, असं आमची आई म्हणायची.

बडोद्याची_माळवाली:
आमच्यात चालतात. अंड्यांचं पान झाडावरच राहू दिलं, अकरावं पलीकडच्या फांदीचं घेतलं.