पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो म्हणे!

फोंडेकर: काल इथे ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, 'पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, बाकीची झाडं रात्री विष सोडतात.' वाचून चहा कडू झाला. अहो, ऑक्सिजन सुटतो पाण्याचा रेणू फुटून, त्याला ऊन लागतं. अंधारात पिंपळ काय नि तुळस काय, नुसतं श्वसन, म्हणजे ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडणं. आणि ते दिवसाही चालूच असतं! इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञानं १७७९ मध्येच उजेड-अंधाराचा हा फरक छापलाय.

डिचोलकर: पोस्ट माझीच. आमचे आजोबा पिंपळाच्या पारावर झोपून नव्वदीपर्यंत जगले, तुमचा इंगेनहाउझ किती जगला? आणि निवडुंग रात्री वायू घेतो, हे तरी खरं ना?

फोंडेकर: घेतो! देत नाही. रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतो, ऑक्सिजन सोडतो दुसऱ्या दिवशी उन्हात. आजोबा पेजेवर जगले.

म्हापशाची ताई: म्हणजे सासूबाई रोज रात्री माझ्या कुंड्या बाहेर ठेवतात ते फुकट? माणसानं सोडलेल्या श्वासात ४ टक्के कार्बन डायऑक्साइड, हवेत जेमतेम ०.०४. मग आधी घोरणाऱ्याला बाहेर काढा.

काणकोणकर मास्तर: मूळ घोटाळा वेगळाच. श्वास म्हणजे श्वसन नव्हे! श्वसन पेशीत होतं, साखरेतून ऊर्जा काढायची. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पेपरात मुलं 'नाकाने हवा घेणे' लिहितात. ऑक्सिजन नसला तरी यीस्ट जगतंच, ते साखरेचं मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करतं. सुरेनं, म्हणजे माडाच्या ताडीनं, आपली सान्नां (इडलीसारखी) फुगतात ती त्या वायूनंच.

म्हापशाची ताई: सूर आहे कुठे मास्तर? सूर काढणारे रेंदेर उरलेत किती? आमच्याकडे माडावर चढायला माणूस मिळत नाही, सान्नां पुडीतल्या यीस्टची. चव? विचारू नका.

डिचोलकर: गोवा सरकारनं २०१६ मध्ये माडाला, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत त्या झाडांच्या यादीतूनच काढलं होतं, तेव्हा तुमचं विज्ञान कुठे झोपलं होतं?

काणकोणकर मास्तर: यादीत २०१७ मध्ये परत घेतला, राज्यवृक्षही केला. पण माडाच्या खोडात वर्षवलयं नसतात, तेवढं खरं.

म्हापशाची ताई: वलयं नसली म्हणून कापायचा? मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!

काणकोणकर मास्तर: कापा म्हटलं कुणी? माझ्या अंगणात अकरा माड आहेत!

फोंडेकर: विषय पिंपळाचा होता.

डिचोलकर: बरं बाबा, पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही. सावली तरी देतो ना?

फोंडेकर: रात्री?