मदत हवी आहे: आईला भूतानला न्यायचंय, गुडघे दुखतात आणि तिला नुसते पॉइंट बघायचे नाहीत

जय भीम, नमस्कार सगळ्यांना.

आम्ही नागपूरचे. ऑक्टोबरमध्ये भूतानला जायचं ठरतंय, मी, नवरा, ८ वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई ६४ ची, अंगणवाडीतून रिटायर झालीय, वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदनेला जाते. बाबा २ वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून तिने स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं आणि मागच्या महिन्यात भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले एक बुद्धाचा देश डोळ्यानं पाहाचा आहे." दीक्षाभूमी तर घरचीच, बोधगया, सारनाथही झालंय, पण जिथे एकाच झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यासारख्या मठात, अर्ध्या भागात सरकारी कचेरी आणि अर्ध्यात भिक्खू राहतात असा देश कसा असेल हे तिला बघायचंय.

एका टूरवाल्याकडून प्लॅन मागवला तर त्यात दिवसाला चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास आणि मग शॉपिंग. आई अशा धावपळीत काय घेणार? म्हणून स्वतःच जुळवतेय. आत्तापर्यंत कळलेलं असं की आपल्याला व्हिसा नाही पण परमिट लागतं, आणि रोजची एसडीएफ फी (भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ती) माणशी १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, म्हणजे ६ रात्रींचे आम्हा चौघांचे २५,२०० नुसते फीचेच झाले, हॉटेल गाडी वेगळं. पैसे साठवलेत, त्याचं काही नाही, पण एकदाच जाणं होणार आहे म्हणून नीट व्हावं असं वाटतंय.

आता अडचणी. आईकडे पासपोर्ट नाही. आधार आहे आणि मतदार ओळखपत्र आहे पण त्यावर बाबांचं नाव चुकीचं छापलंय, चालेल का?

दुसरं म्हणजे गुडघे. तक्त्संगला, म्हणजे पारोजवळच्या कड्यावरच्या मठात, तिला जायचंच आहे, फोटो बघितल्यापासून तेच चाललंय. घोडा मिळतो म्हणतात, तो वरपर्यंत नेतो का?

तिसरा प्रश्न जरा वेगळा आहे आणि मला खरं तर यासाठीच धागा काढावासा वाटला. तिथला धम्म वज्रयान, म्हणजे तिबेटसारखा मंत्रतंत्राचा, आपण बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेले, त्यात श्राद्ध, पिंडदान करणार नाही असंही आहे. तिथे गुरू रिंपोचेंच्या (म्हणजे पद्मसंभव, तिकडे धम्म नेणारे गुरू) मूर्ती, भिंतींवर उग्र चेहऱ्यांची चित्रं, मंत्र, लोण्याचे दिवे. आईला बाबांच्या आठवणीत एक दिवा लावायचाय पण लगेच म्हणते, "हे श्राद्धासारखं तर नाही न होत?" मला उत्तर देता आलं नाही. आणि ती तिथे बसून आपलं पालीतलं त्रिशरण पंचशील म्हणू शकते का, कोणी हटकेल का? घरातलं मोठं माणूस घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

जय भीम ताई. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्या ६८ च्या. आधी कागदाचं बघा. आधार तिथे चालत नाही, मतदार कार्ड किंवा पासपोर्टच लागतो आणि पासपोर्टची मुदत किमान ६ महिने उरलेली पाहिजे. कार्डावरची चूक फॉर्म ८ भरून आजच दुरुस्तीला टाका, आणि वेळ आहे तर पासपोर्टलाही टाकाच, दोन्हीतलं एक तरी हातात येईल. मुलीचा जन्मदाखला ओरिजिनल घ्या.

तक्त्संगबद्दल स्पष्ट सांगते. मठ ३१२० मीटरवर आहे, पायथ्यापासून पाचशे मीटरच्या वर चढ. घोडा फक्त अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत नेतो, उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत, आणि शेवटी ७०० च्या वर पायऱ्या आहेत, आधी खाली धबधब्यापाशी आणि मग परत वर. सासूबाई कॅफेटेरियापर्यंत गेल्या, तिथून कड्याला चिकटलेला मठ समोर दिसतो, त्या तिथे दोन तास चहा घेऊन नुसत्या बघत बसल्या. १९९८ च्या आगीत जळलेला मठ त्या लोकांनी त्याच कड्यावर परत उभारला हे कळल्यावर तर त्यांना उठावंसंच वाटेना. उतरताना एक माणूस हाताला धरायला ठेवा आणि दोन काठ्या घ्या.

पण तुमच्या आईंसाठी मी सांगेन की राजधानी थिंफूला मेमोरियल चोर्तेनला एक अख्खी सकाळ द्या. चोर्तेन म्हणजे आपला स्तूपच. तिसऱ्या राजांच्या स्मरणार्थ १९७४ साली बांधलाय, चढ अजिबात नाही. थिंफूतले म्हातारे आजी आजोबा हातात माळ आणि प्रार्थनाचक्र घेऊन सकाळपासून प्रदक्षिणा घालत असतात, दमले की बाकावर बसतात, डबा खातात, गप्पा मारतात, परत उठून फिरतात. सासूबाई त्यांच्यात मिसळून गेल्या, भाषा एक अक्षर कळत नव्हती. एका आजीने त्यांना डोमा दिला, म्हणजे पान, सुपारी, चुना, अगदी आपला विडा! दोघींनी सोबत खाल्ला. प्रदक्षिणा कायम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घाला, चक्रंही त्याच दिशेने फिरवा.

प्रतिसाद:

पारोचं किचू ल्हाखांग, म्हणजे मंदिर, चुकवू नका, सातव्या शतकातलं आहे, सपाटीवर, गाडी दारापर्यंत जाते आणि आत शाक्यमुनी बुद्धांची मूर्ती आहे. थिंफूच्या डोंगरावरची पन्नास मीटरहून उंच बुद्ध दोर्देन्मा मूर्तीही शाक्यमुनींचीच. आईंना तिथे घरच्यासारखं वाटेल. पाली वंदना हळू आवाजात म्हणायला काहीच हरकत नाही, मी पुनाखा झोंगमध्ये कोपऱ्यात बसून म्हणालो, शेजारचा छोटा भिक्खू ऐकत बसला होता. "बुद्धं सरणं गच्छामि" त्याला बरोबर कळलं.

दिव्याचं म्हणाल तर आपणही विहारात बुद्धांसमोर मेणबत्ती लावतोच ना? लोण्याचा दिवा म्हणजे अज्ञानाचा अंधार जावा ही भावना. तिथले लोक गेलेल्याच्या नावानेही लावतात, पण पिंड नाही, भटजी नाही. काकूंना सांगा बिनधास्त लावा.

कपडे मात्र पूर्ण बाह्यांचे, साडी चालते पण हाफ बाह्या असतील तर वर शाल घ्या, टोपी आणि चपला बाहेर, आत फोटो नाही. रुपया एकास एक चालतो, पण न्गुलत्रुम, म्हणजे तिथलं चलन, उरले तर निघायच्या आधी खर्च करा. सीमेवरच्या फुंतशोलिंगपासून थिंफू साधारण १५० किलोमीटर नुसती वळणं, गाडी लागत असेल तर आवळा सुपारी ठेवा. आणि एमा दात्शी म्हणजे मिरचीचीच भाजी, मिरची तिथे मसाला म्हणून नसते! मुलीसाठी केवा दात्शी मागवा, बटाटा आणि चीज.

धागाकर्ती:

खूप खूप आभार दोघांचे. फॉर्म ८ काल रात्रीच भरला. आईला चोर्तेनवाला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, त्या विड्याच्या ओळीला ती परत वाच म्हणाली. दिव्याचं ऐकल्यावर काही बोलली नाही, आत जाऊन पौर्णिमेची पांढरी साडी काढली आणि विचारलं, तिथं ऑक्टोबरात हिच्यावर स्वेटर लागेल का? थिंफूच्या थंडीचा अंदाज सांगा कोणीतरी, म्हणजे तिची बॅग आत्तापासूनच भरायला घेते.