‘सेट’ मागे पडून बरीच वर्षं झाली

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’ या शब्दाचे, असं बऱ्याचदा सांगितलं जातं, ते ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीपुरतं खरं. तिथे या क्रियापदाचे ४३०च्या आसपास अर्थ होते. पुढे कोशाची उजळणी सुरू झाली तसं आधी ‘मेक’, मग ‘पुट’ पुढे गेलं आणि २०११मध्ये ‘रन’ने दोघांनाही मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! यात यंत्रांचा हात मोठा. घड्याळ, इंजिन, प्रोग्रॅम, सगळं ‘रन’च होतं.

मराठीत मात्र तेच काम आपण डझनभर क्रियापदांना वाटून देतो. पंप चालतो, नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, निवडणूक लढवतात. माझ्याकडे एकदा पंपाची माहितीपुस्तिका तपासायला आली होती. त्यात ठळक अक्षरांत सूचना: ‘पंप कोरडा धावू देऊ नये.’ मी ‘टाकीत पाणी नसताना पंप चालवू नये’ असं केलं. पुढच्याच पानावर टाकीतलं पाणी संपण्याऐवजी (इंग्रजीत ‘रन आउट’) ‘धावबाद’ झालेलं होतं. निदान ‘धावचीत’ तरी लिहायचं!